प्रोटोकॉलमधला प्रत्येक घटक तिथे कशासाठी असतो

विद्यापीठातल्या प्रात्यक्षिकाला बसलं की हातात एक छापील प्रोटोकॉल येतो. हे १०० मायक्रोलिटर घाला, ते २०० घाला, हलकेच उलटंसुलटं करा, बर्फात ५ मिनिटं ठेवा. सांगितलं तसं केलं की बहुतेक वेळा निकाल मिळतो. पण ज्या दिवशी जेलवर (डीएनए किंवा प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) काहीच दिसत नाही, त्या दिवशी नुसत्या पायऱ्या पाठ असलेल्याला पहिल्यापासून सगळं पुन्हा करण्याखेरीज काही सुचत नाही. ट्यूबमधला प्रत्येक घटक तिथे कशासाठी आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो कोऱ्या जेलकडे बघून दोन-तीन शक्यतांवर येतो आणि त्या एकेक करून तपासतो. जैवरसायनशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्राची तंत्रं शिकणं म्हणजे माझ्या लेखी हेच. पुढे घेतलेली तंत्रं नेहमीचीच आहेत, भर आहे तो कारणांवर.

आधी पिपेट

हाइनरिख श्निटगर यांनी १९५७ मध्ये जर्मनीत मारबुर्ग इथे आजच्या मायक्रोपिपेटचा मूळ नमुना केला. तत्त्व अजून तेच आहे: पिस्टन थेट द्रवाला शिवत नाही, मध्ये हवेचा एक थर असतो. पिपेटच्या बहुतेक चुका या हवेच्या थरामुळे होतात. बर्फातून काढलेला द्रव लगेच खेचला की टिपमधली हवा आकसते आणि माप चुकतं. इथेनॉल किंवा क्लोरोफॉर्मची वाफ त्या हवेत शिरते, दाब वाढतो आणि टिप ठिबकू लागते. असे द्रव घेण्याआधी तीच टिप दोन-तीन वेळा त्याच द्रवात भरून रिकामी करायची, म्हणजे आतली हवा वाफेने संपृक्त होते आणि ठिबकणं थांबतं.

पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मग टिप द्रवात बुडवायची, बुडवून दाबायची नाही. दोन-तीन मिलिमीटरच बुडवायची, पिपेट उभं धरायचं, अंगठा सावकाश सोडायचा आणि एक सेकंद थांबायचं. सोडताना टिप ट्यूबच्या भिंतीला टेकवून दुसऱ्या थांब्यापर्यंत जायचं. घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं तर जास्त द्रव येतो. नवशिक्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच, आणि ती दिसत नाही, कारण टिप तर भरलेलीच दिसते.

एन्झाइमचे साठे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतात. टिप त्यात खोल बुडवली तर बाहेरच्या बाजूला चिकटून आलेला थेंब मापापेक्षाही मोठा असू शकतो. १ मायक्रोलिटर घ्यायचं असताना टिपचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवा आणि टिपमध्ये द्रव चढताना डोळ्यांनी बघा.

पिपेट बरोबर आहे का, हे तपासायला चार दशांश स्थळांचा तराजू आणि शुद्ध पाणी पुरतं. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन खोलीच्या तापमानाला ०.०९९७ ते ०.०९९८ ग्रॅम भरायला हवं. दहा वेळा मोजा. सरासरी चुकत असेल तर पिपेट दुरुस्तीला पाठवा. सरासरी बरोबर पण आकडे विखुरलेले असतील तर बहुधा हात सुधारायला हवा.

बफर आणि तापमान

ट्रिस हे पीएच स्थिर ठेवणारं नेहमीचं बफर, त्याचा रेणुभार १२१.१४. एक लिटर १ मोलर द्रावणासाठी १२१.१ ग्रॅम ट्रिस सुमारे ८०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच आणायचा आणि शेवटी लिटरभर करायचं. पीएच ८.० साठी साधारण ४२ मिलिलिटर आम्ल लागतं. आम्ल घातल्यावर द्रावण गरम होतं. ते गार होण्याआधी केलेलं पीएचचं माप खोटं, कारण ट्रिसचा पीएच दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांना ८.० असलेलं बफर शीतकक्षात ४ अंशांना ८.६ च्या आसपास जातं आणि ३७ अंशांना ७.७ च्या खाली येतं. पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राचं) बफर खोलीत ८.३ असतं, ७२ अंशांना ते ७ च्या जवळ असतं. म्हणून थंडीत प्रथिन शुद्ध करायचं असेल तर बफरचा पीएच त्याच तापमानाला जुळवावा, किंवा फॉस्फेटसारखं तापमानाला कमी दाद देणारं बफर निवडावं.

ईडीटीएचा (धातूंचे आयन धरून ठेवणाऱ्या रसायनाचा) ०.५ मोलर साठा करताना पांढरी भुकटी तासभर ढवळूनही तशीच राहते आणि लोक पाणी वाढवत बसतात. त्याला पाणी कमी पडलेलं नसतं. डायसोडियम ईडीटीए पीएच ८ च्या जवळ गेल्याशिवाय नीट विरघळतच नाही. लिटरला १८६.१ ग्रॅम, आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या साधारण २० ग्रॅम, थोड्या थोड्या करून. पीएच जसजसा ८ कडे सरकतो तसतसं द्रावण नितळ होत जातं.

सेंट्रिफ्यूजबद्दल एकच: वहीत फेरे लिहू नका, जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहा. जी म्हणजे ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. १०,००० फेऱ्यांना ७ सेंटिमीटर त्रिज्येचा रोटर सुमारे ७,८०० जी देतो आणि १० सेंटिमीटरचा ११,२०० जी. फेरे तेच, पण एका यंत्रात गाळ घट्ट बसेल आणि दुसऱ्यात टिपबरोबर वर येईल.

प्लाझ्मिड काढणं: सगळा खेळ पीएचचा

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतला गुणसूत्राबाहेरचा छोटा वर्तुळाकार डीएनए. तो काढण्याची अल्कलाइन लायसिसची, म्हणजे अल्कलीने पेशी फोडण्याची पद्धत बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे तयार किटसुद्धा तिच्यावरच उभे आहेत. ही पद्धत मी तपशिलात घेतो, कारण एकदा ही नीट समजली की बाकीच्या प्रोटोकॉलकडे कसं बघायचं ते आपोआप कळतं.

रात्रभर वाढवलेल्या जिवाणूंचा दीड ते तीन मिलिलिटर कल्चर सेंट्रिफ्यूज करून पेलेट (तळाला बसलेला गोळा) घ्यायचा आणि वरचं माध्यम पूर्ण काढून टाकायचं. पहिल्या द्रावणात ५० मिलिमोलर ग्लुकोज, २५ मिलिमोलर ट्रिस आणि १० मिलिमोलर ईडीटीए असतं. ग्लुकोजमुळे पेशी आधीच फुटत नाहीत. ईडीटीए मॅग्नेशियम आणि कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे जिवाणूचं बाहेरचं आवरण सैल होतं आणि डीएनए तोडणारी एन्झाइमंही मॅग्नेशियमविना निकामी होतात. आरएनए नको असेल तर याच द्रावणात मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम आरएनेज ए घालून ते ४ अंशांना ठेवतात. १०० मायक्रोलिटर घालून पेलेट पूर्ण मोकळा करायचा. व्होर्टेक्स करायची (यंत्रावर जोरात घुसळायची) हीच एक जागा. गुठळी राहिली तर आतल्या पेशी पुढे फुटणारच नाहीत आणि उत्पन्न घटेल.

दुसरं द्रावण ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस (एक डिटर्जंट). २०० मायक्रोलिटर. एसडीएस पेशीपटल विरघळवतं आणि प्रथिनं उलगडतं, अल्कली डीएनएच्या दोन्ही पट्ट्या सोडवते. जिवाणूच्या लांबलचक गुणसूत्राच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात. प्लाझ्मिडच्या पट्ट्याही सुटतात, पण त्या बंद वर्तुळं आहेत आणि साखळीच्या दोन कड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या आहेत, म्हणून लांब जाऊ शकत नाहीत. पुढची सगळी निवड या एका फरकावर चालते.

इथे दोन गोष्टी पाळायच्या. पहिली, व्होर्टेक्स नको. ट्यूब चार-सहा वेळा सावकाश उलटीसुलटी करायची, द्रव दाट आणि चिकट झाला की बस. जोरात हलवलं तर गुणसूत्राचे तुकडे होतात. हे तुकडे पुढे साक्यात (खाली बसणाऱ्या गाळात) अडकत नाहीत, प्लाझ्मिडबरोबर येतात आणि जेलवर वरच्या बाजूला धूसर पट्टा दिसतो. दुसरी, ५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. अल्कलीत फार वेळ राहिलं तर प्लाझ्मिडच्या पट्ट्या चुकीच्या जागी जुळून कायमच्या बिघडतात. असा डीएनए जेलवर सुपरकॉइल्ड (शाबूत, पीळ घातलेल्या प्लाझ्मिडच्या) पट्ट्याच्याही पुढे पळतो आणि डीएनए ठरावीक जागी कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम त्याला कापत नाही. एन्झाइम खराब आहे असं म्हणून नवी बाटली मागवण्याआधी न कापलेल्या प्लाझ्मिडचा लेन (जेलवरची उभी वाट) नीट बघावा.

हे दुसरं द्रावण जुनंही चालत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पीएच घसरतो. थंड खोलीत एसडीएसचा पांढरा साका दिसला तर ३७ अंशांना कोमट करून घ्यावं.

तिसरं द्रावण म्हणजे पोटॅशियम ॲसिटेट आणि ॲसेटिक आम्ल: ५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट ६० मिलिलिटर, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ११.५ आणि पाणी २८.५. १५० मायक्रोलिटर घातलं की क्षणात पांढरे, दह्यासारखे गोळे दिसतात. एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. पीएच एकदम खाली येतो, प्लाझ्मिडच्या जवळजवळच असलेल्या पट्ट्या पटकन बरोबर जुळतात, पण गुणसूत्राच्या लांब पट्ट्या कुठेही कशाही जुळून जाळं होतं. आणि पोटॅशियम एसडीएसमधल्या सोडियमची जागा घेतं. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात फारसं विरघळत नाही, ते खाली बसताना प्रथिनं आणि गुणसूत्राचं जाळं सोबत नेतं. वर उरतो तो प्लाझ्मिड. १२,००० जीला ५ मिनिटं फिरवून वरचा द्रव दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्यायचा. पांढरा कण एकही नको, थोडा द्रव मागे सोडावा लागला तरी चालेल.

पुढे सिलिका कॉलम वापरत असाल तर ग्वानिडीनच्या क्षारामुळे डीएनए सिलिकाला चिकटतो, इथेनॉलच्या धुण्याने क्षार जातात आणि कमी क्षाराच्या, किंचित अल्कधर्मी बफरमध्ये डीएनए सुटतो. धुऊन झाल्यावर रिकामा कॉलम आणखी एक मिनिट फिरवणं सोडू नका. इथेनॉल उरलं की नमुना जेलच्या खाचेत बसत नाही, वर तरंगून निघून जातो, आणि पुढचं लायगेशनही (डीएनएचे तुकडे जोडणं) बिघडतं. ३० ते ५० मायक्रोलिटर बफर थेट पडद्याच्या मधोमध टाकून एक मिनिट थांबा, मग फिरवा.

आता मोजणी. २६० नॅनोमीटरला शोषण १ म्हणजे दुपदरी डीएनए मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, आरएनए ४०, एकपदरी डीएनए ३३. २६०/२८० हे गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की विद्यार्थी निर्धास्त होतात. तसं होऊ नये. डीएनए आणि आरएनए दोन्ही २६० ला शोषतात, त्यामुळे आरएनए भरपूर मिसळलेला असला तरी गुणोत्तर छानच येतं, उलट वाढतं, आणि प्लाझ्मिड भरघोस मिळाल्याचा भास होतो. जेलवर तळाशी आरएनएचा ढग दिसतो तेव्हा खरं कळतं. २६०/२३० हे गुणोत्तर २ च्या बरंच खाली असेल तर ग्वानिडीन किंवा फिनॉल मागे राहिलंय असं समजावं.

पीसीआरमध्ये मॅग्नेशियमचा हिशोब

कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये पीसीआर शोधला, १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. सुरुवातीला दर चक्रात एन्झाइम नव्याने घालावं लागे, कारण पट्ट्या सोडवणाऱ्या उष्णतेत ते मरत असे. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी वेगळ्या केलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूच्या पॉलिमरेजने (डीएनए रचणाऱ्या एन्झाइमने) ती अडचण सोडवली. त्यांचं वर्णन १९६९ चं.

५० मायक्रोलिटरची नेहमीची प्रतिक्रिया अशी: दहापट बफर ५, प्रत्येकी दहा मिलिमोलर डीएनटीपींचं (डीएनएच्या चार सुट्या घटकांचं) मिश्रण १, दहा मायक्रोमोलरचे दोन प्रायमर (प्रत कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे छोटे तुकडे) प्रत्येकी १, टेम्प्लेट (ज्याची प्रत काढायची तो डीएनए) १, टॅक पॉलिमरेज ०.२५ आणि पाणी ४०.७५. मॅग्नेशियम शेवटी १.५ मिलिमोलर. पाव मायक्रोलिटर अचूक मोजणं कोणालाच जमत नाही, म्हणून जितक्या ट्यूब हव्यात त्याहून दहा टक्के जास्तीचं एकत्र मिश्रण करून ते वाटायचं. एन्झाइम शेवटी, आणि घातल्यावर नीट मिसळायचं. ग्लिसरॉलमुळे ते तळाला जाऊन बसतं.

मॅग्नेशियमकडे जरा बारकाईने बघू. पॉलिमरेजला मोकळं मॅग्नेशियम लागतं. चार डीएनटीपी प्रत्येकी ०.२ मिलिमोलर, एकूण ०.८, आणि प्रत्येक रेणू साधारण एक मॅग्नेशियम धरून ठेवतो. १.५ मधून ०.७ उरलं. टेम्प्लेट १ मिलिमोलर ईडीटीए असलेल्या टीई बफरमध्ये असेल आणि डीएनए कमी वाटला म्हणून २० मायक्रोलिटरच्या प्रतिक्रियेत ५ मायक्रोलिटर घातला, तर ईडीटीए ०.२५ मिलिमोलर होतं. उरलं ०.४५. पट्टा अंधूक होतो किंवा येतच नाही. ‘टेम्प्लेट वाढवला तरी पीसीआर होत नाही’ या तक्रारीचं कारण कितीदा तरी त्या वाढवलेल्या टेम्प्लेटमध्येच असतं. टेम्प्लेट दहापट विरळ करून बघणं हा मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय वाटतो.

किती टेम्प्लेट पुरे, याचाही हिशोब करावा. पाच हजार बेस-जोड्यांच्या प्लाझ्मिडच्या १ नॅनोग्रॅममध्ये सुमारे १८ कोटी प्रती असतात. मानवी जीनोमच्या १० नॅनोग्रॅममध्ये एकेरी जनुकाच्या प्रती तीन हजारांच्या आसपास. म्हणजे जीनोमसाठी लिहिलेला ५० नॅनोग्रॅमचा आकडा प्लाझ्मिडला लावणं म्हणजे नऊशे कोटी प्रती ओतणं. मग ३० चक्रांनी धूसर ओघळ मिळाला तर नवल नाही.

तापमानं सरळ आहेत: ९५ अंशांना सोडवणं, प्रायमरच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा साधारण ५ अंश कमी तापमानाला चिकटवणं, ७२ ला दर हजार बेसला एक मिनिट. नको असलेले पट्टे आले तर चिकटवण्याचं तापमान वाढवायचं, काहीच आलं नाही तर उतरवायचं. टेम्प्लेटशिवायची एक ट्यूब प्रत्येक वेळी हवीच. तिच्यात हव्या त्याच आकाराचा पट्टा दिसला तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद, आणि पाणी, प्रायमर, बफर बदलून दूषित काय आहे ते शोधायचं. शंभर बेसच्या आतला अंधूक पट्टा मात्र प्रायमर एकमेकांना चिकटल्याचा असतो, तो निराळा.

अगारोज जेलचं फार सांगायला नको. १ टक्का म्हणजे ५० मिलिलिटर टीएई बफरमध्ये अर्धा ग्रॅम, ६० अंशांपर्यंत गार करून ओतायचं, इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ ते ८ व्होल्ट. बफरऐवजी चुकून पाण्यात जेल केलं तर डीएनए जवळजवळ हलतच नाही. एक गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. इथिडियम ब्रोमाइड धनभारित आहे, ते डीएनएच्या उलट दिशेला, ऋण टोकाकडे सरकतं. जेलमध्ये मिसळून फार वेळ चालवलं की खालच्या भागात रंगच उरत नाही आणि लहान तुकडे असूनही दिसत नाहीत. अशा वेळी जेल नंतर अर्धा तास रंगात बुडवून घ्यावं. इथिडियम डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसतं, म्हणजे आपल्याही, तेव्हा हातमोजे हवेतच, आणि तेच हातमोजे घालून दाराची कडी धरायची नाही.

एसडीएस-पेज

प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करण्याची, लेम्ली यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत रोज वापरली जाते, तरी जेलच्या दोन थरांचा अर्थ विचारला की उत्तर सहसा अर्धवट मिळतं.

१२ टक्क्यांचं १० मिलिलिटर खालचं जेल: पाणी ३.३ मिलिलिटर, ३० टक्के ॲक्रिलामाइड मिश्रण ४.०, दीड मोलर ट्रिस पीएच ८.८ चं २.५, दहा टक्के एसडीएस ०.१, दहा टक्के अमोनियम पर्सल्फेट ०.१, आणि शेवटी टेमेड ४ मायक्रोलिटर. टेमेड पर्सल्फेटपासून मुक्त मूलकं तयार करवतं आणि साखळी सुरू होते. हवेतला ऑक्सिजन ती मूलकं खाऊन टाकतो, म्हणून वर आयसोप्रोपॅनॉलचा किंवा पाण्याने संपृक्त ब्युटेनॉलचा थर द्यायचा. कडाही सरळ येते. जेल तासाभरात धरलं नाही तर आधी पर्सल्फेट ताजं करा. द्रावणात ते काही दिवसांत निकामी होतं, आणि टेमेड वाढवत नेणं हा त्यावरचा इलाज नव्हे. न धरलेलं ॲक्रिलामाइड चेतासंस्थेला विषारी आहे, तेव्हा उरलेलं बीकरमध्येच घट्ट होऊ द्यावं, मग टाकावं.

वरचं जेल ५ टक्के, ट्रिस पीएच ६.८. चालवण्याचं बफर २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन, ०.१ टक्का एसडीएस. पीएच ६.८ ला ग्लायसिनवर निव्वळ भार जवळपास नसतो, म्हणून ते मागे रेंगाळतं. जेलमधले क्लोराइड आयन पुढे धावतात. दोघांच्या मध्ये विद्युतदाब तीव्र होतो आणि प्रथिनं तिथे पातळ, घट्ट पट्ट्यात गोळा होतात. खालच्या जेलच्या ८.८ ला पोचल्यावर ग्लायसिन भारित होऊन प्रथिनांना मागे टाकतं आणि तिथून पुढे प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊ लागतात. हे कळलं की एक मोठी चूक टळते: चालवण्याच्या बफरचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने कधी जुळवायचा नाही. तो आपोआप ८.३ च्या आसपास येतो. आम्ल घातलं तर बफरमध्येच क्लोराइड येतं, पुढचा-मागचा आयन हा भेद संपतो आणि पट्टे पसरट येतात. दोन ट्रिसच्या बाटल्यांची अदलाबदल झाली तरी हेच.

नमुन्याचं बफर घातल्यावर लगेच ९५ अंशांना ५ मिनिटं. तसंच टेबलावर ठेवू नका. एसडीएसमध्ये बहुतेक प्रथिनं उलगडतात, पण काही प्रोटिएज तग धरतात आणि उलगडलेली प्रथिनं त्यांना आयतीच मिळतात. पेशीद्रावण शेंबडासारखं ओढलं जात असेल तर तो गुणसूत्राचा डीएनए आहे. बारीक सुईतून काही वेळा ओढा किंवा सोनिकेट करा, नाहीतर नमुना शेजारच्या खाचेत ओढला जातो. नमुन्याचा निळा रंग पिवळा झाला तर नमुना आम्ल आहे. टीसीए या आम्लाने साका केलेल्या प्रथिनात हे हमखास दिसतं. एक-दोन मायक्रोलिटर १ मोलर ट्रिस बेस घातलं की पुन्हा निळा.

आणि नमुन्यात पोटॅशियम किंवा ग्वानिडीन असेल तर? ट्यूबमध्ये पांढरा साका पडतो, लेनमध्ये उभे ओघळ येतात. प्लाझ्मिड काढताना तिसऱ्या द्रावणाने मुद्दाम घडवून आणलेली ही तीच रासायनिक क्रिया, इथे नको असताना झालेली. एसडीएस खाली बसलं म्हणजे प्रथिनांवरचं आवरण गेलं. नमुना आधी डायलिसिसने सोडियमच्या बफरमध्ये न्यावा.

प्रथिन किती भरायचं हे ब्रॅडफर्ड या रंगाच्या चाचणीने मोजता येतं. कुमासी जी-२५० प्रथिनाला चिकटल्यावर शोषण ४६५ वरून ५९५ नॅनोमीटरकडे सरकतं. पण एसडीएस असलेल्या नमुन्याचं ब्रॅडफर्ड करू नये, त्यात रंग बिघडतो. तिथे बीसीए ही दुसरी चाचणी वापरावी, आणि बीसीएला डीटीटी (एक क्षपणकारक) व ईडीटीए चालत नाहीत. तुलनेचा आलेख नेहमी नमुन्याच्याच बफरमध्ये विरघळवलेल्या बीएसए या प्रथिनाने काढावा.

लायगेशननंतरच्या पाच प्लेट

शेवटी क्लोनिंग, म्हणजे हवा तो डीएनएचा तुकडा प्लाझ्मिडमध्ये जोडून जिवाणूत वाढवणं, कारण कंट्रोलचा (तुलनेच्या नमुन्यांचा) उपयोग इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. व्हेक्टर (वाहक प्लाझ्मिड) आणि इन्सर्ट (जोडायचा तुकडा) रेणूंच्या हिशोबात एकास तीन घेतात. ३,००० बेसचा व्हेक्टर ५० नॅनोग्रॅम असेल तर १,००० बेसचं इन्सर्टही ५० नॅनोग्रॅमच लागतं. लायगेजच्या (तुकडे जोडणाऱ्या एन्झाइमच्या) बफरमधलं एटीपी वारंवार गोठवून-वितळवून नासतं, म्हणून नव्या बाटलीचे लहान वाटे करून ठेवावेत. सक्षम (डीएनए आत घेऊ शकणाऱ्या) पेशी बर्फात डीएनएबरोबर ३० मिनिटं, ४२ अंशांना ४५ सेकंद, परत बर्फात, मग प्रतिजैविकाविना माध्यमात एक तास. हा तास प्रतिकाराचं प्रथिन तयार व्हायला हवा असतो.

मग पाच प्लेट लावायच्या. डीएनए न घातलेल्या पेशींच्या प्लेटवर एकही वसाहत नको. आल्या तर प्लेटमधलं ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक मेलंय, बहुधा अगार फार गरम असताना घातल्यामुळे. न कापलेल्या प्लाझ्मिडची प्लेट पेशींची ताकद सांगते: १०० पिकोग्रॅम डीएनए घालून दहावा भाग पसरला आणि २०० वसाहती आल्या, तर दर मायक्रोग्रॅमला दोन कोटी, नेहमीच्या क्लोनिंगला पुरेसं. इथेच शून्य असेल तर लायगेशनला दोष देण्यात अर्थ नाही. कापलेला व्हेक्टर लायगेजविना: वसाहती आल्या म्हणजे व्हेक्टर पूर्ण कापला गेलेला नाही. कापलेला व्हेक्टर लायगेजसह, इन्सर्टविना: इथल्या जास्तीच्या वसाहती म्हणजे व्हेक्टर स्वतःशीच जुळतोय, तेव्हा फॉस्फेटेज (टोकांचे फॉस्फेट काढणारं एन्झाइम) वापरा किंवा दोन वेगळ्या एन्झाइमांनी कापा. पाचव्या, खऱ्या प्लेटवरच्या वसाहती चौथीपेक्षा दोन-तीन पट तरी जास्त असतील तर मोजक्या वसाहती उचलून तपासायला हरकत नाही. दोन्ही प्लेट सारख्याच असतील तर पन्नास वसाहती तपासत बसण्यापेक्षा व्हेक्टर नव्याने कापलेला बरा.

प्लेट ३७ अंशांना १६ तासांच्या आसपास काढा. जास्त ठेवल्या की खऱ्या वसाहतीतून बाहेर पडलेलं बीटा-लॅक्टामेज आजूबाजूचं ॲम्पिसिलिन तोडतं आणि भोवती टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक वसाहतींचं कडं उगवतं. त्यांत प्लाझ्मिड नसतो. टूथपिक मधल्या मोठ्या वसाहतीच्या मध्यावर टेकवायची, कडेला नाही.